एक हात पाठीमागे

रशीद,

तू गेल्याचं सांगायला सत्तारभाई थेट कंपनीच्या गेटवर आले. जुबेदाभाभींचे मोठे भाऊ, चाकणच्या कांदाबाजारातून उठून तसेच आलेले. कपड्यांना सालपटं चिकटलेली, गळ्यातला रुमाल घामाने भिजलेला. जेवणाचा भोंगा नुकताच झाला होता. म्हणाले, "दिगंबरभाऊ, आपला रशीद गेला." आणि मी पहिलं काय विचारलं, सांगू? कधी गेला, कसा गेला, भाभी कशा आहेत, यातलं काही नाही. मी विचारलं, "शॉक लागून?"

ते म्हणाले, "शॉक कशाला लागंल? छातीत कळ आली त्याच्या. दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या."

आणि मला हायसं वाटलं. एवढा जवळचा दोस्त मेला आणि मला गेटवर उभ्या उभ्या हायसं वाटलं. हे तुला आधीच सांगून टाकतो, कारण हे पोटात ठेवून मला पुढचं काही लिहिता येणार नाही. सहा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली, तेवढी पुरे झाली.

मातीला आलो होतो. खांदा दिला, सगळ्यांबरोबर तीन मुठी माती टाकली. लोक म्हणत होते, दोस्ती असावी तर अशी. मला कुठं तोंड लपवू असं झालं. परत येताना तुझ्या दुकानात डोकावलो. शेजारचा शिंपी सांगत होता, लाकूड जळल्याचा वास आला म्हणून तो आत आला, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंही नसतं. तुझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न टेबलावर पडून तसंच तापत राहिलं होतं. टेबलाला पेरभर खोल काळा खड्डा पडलाय. किती वेळा ओरडलो असेन तुझ्यावर, आयर्न स्टँडवर ठेव, स्टँडवर ठेव म्हणून. पण तू कधी कुणाचं ऐकलंस?

आपली ओळखही भांडणातूनच झाली, आठवतं? मी तेव्हा तळवड्यात खोली घेऊन राहत होतो. लातूरकडून आलेला, कंपनीत वायरमन म्हणून नुकताच कायम झालेला, त्यामुळे डोक्यात हवा. माझा ट्रान्झिस्टर बंद पडला. मीच उघडला, मीच जोडला, आणि होता नव्हता तो आवाजही गेला. घरमालक म्हातारा म्हणाला, "चिंचवडाला जा. थितं त्यो रशीद हाय ना, त्याला दाव. बडबड लई करतो, पन हात चांगला हाय." तुझ्याकडे आलो. तू मागचं झाकण काढलंस, आत बघितलंस आणि विचारलंस, "वायरमन का?"

"कशावरून?"

"रेडिओत एवढं सोल्डर फक्त वायरमन ओततो. हे काय गिरणीच्या मोटारीचं कनेक्शन आहे का राव?"

मी तिथंच तुझ्याशी हुज्जत घातली. तू माझी बोली उचललीस आणि वर मलाच चिडवलंस, "काय करूलालास, दिगू?" पहिल्या भेटीत दिगू! माझ्या सासऱ्यांनीही मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. पण चहा पाजलास, ट्रान्झिस्टर बोलता केलास, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी सायकल मारत तुझ्याकडे येत राहिलो. माझ्या बायकोला, सुमनला, वाटायचं, मी तिकडे पत्ते खेळतो.

मग तो डेक आला. आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कंपनीतला एक परदेशी साहेब मायदेशी परत चालला होता, त्याचं सामान विकायला निघालं, त्यात रेकॉर्ड वाजवायचा तो डेक होता. खबर मीच तुला दिली. जड, लोखंडी धूड. सायकलच्या कॅरिअरवर बांधून दोघांनी ढकलत पिंपरीहून चिंचवडला आणला आणि वाटेत दोनदा भांडलो. घरी आणल्यावर कळलं की याची सुई आपल्याकडच्या रेकॉर्ड चेंजरसारखी नाही. हिच्यातून इतका बारीक आवाज निघतो की अँप्लिफायरला द्यायच्या आधी तो मोठा करायला मधे एक वेगळा डबा लागतो. प्रीअँप. तो बाजारात मिळेना. तू म्हणालास, "नाही मिळत तर नाही. बनवू."

आणि बनवायला बसलो. सर्किट तू काढलंस, ट्रान्झिस्टर तू एकेक पारखून घेतलास. पत्र्याचा डबा मी वाकवला, ट्रान्सफॉर्मर मी हाताने गुंडाळला. आणि अर्थिंग माझं. त्यात मी कुणाला बोट घालू दिलं नाही.

का, ते तुला ठाऊक होतं. तुला एकदाच सांगितलं होतं, पुन्हा त्यावर बोललो नाही. कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये पावसाळ्यात एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर मशीनला चिकटला. जमीन ओली, आणि मशीनची अर्थची पट्टी गंजून तुटलेली. पळत जाऊन स्विच पाडेपर्यंत तो संपला होता. तेव्हापासून माझं डोकं अर्थिंगच्या बाबतीत चालत नाही, नुसतं फिरतं. कंपनीत प्रत्येक मशीनला दोन अर्थ असतात. एक तुटली तर दुसरी शाबूत राहावी म्हणून. मी तुझ्या घरातही तेच केलं. डेकला दोन, डब्याला दोन, अँप्लिफायरला दोन. तुझ्या मागच्या दारी छातीएवढा खड्डा खणला, त्यात पाइप उभा केला, भोवती मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. भाभींना बजावलं, "भाभी, रोज एक तांब्या पाणी घालायचं. माती कोरडी पडली की अर्थिंग मेलं म्हणून समजा."

भाभी दारातून म्हणाल्या, "मीठ झालं, कोळसा झाला, पाणी झालं. शिजायला किती वेळ लागतो, भाऊ?"

आणि तुला मी शिकवलं, चालू लाइनवर काम करायचं तर पायाखाली कोरडा पाट हवा आणि एक हात पाठीमागे. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो. तू पाटावर उभा राहिलास, डावा हात मागे घेतलास आणि म्हणालास, "हे काय, बादशहाच्या दरबारात उभा आहे का मी?" भाभी पोट धरून हसल्या होत्या.

पहिल्यांदा चालू केलं आणि रेकॉर्ड लावायच्या आधीच घूंऽऽ. सुई उचललेली, डेक बंद, तरी घूं चालूच. सगळं घर त्या आवाजाने भरलं. तू कान धरून म्हणालास, "दिगू, घरात पिठाची गिरणी आणलीस लेका."

ती घूं आपण कितीतरी रविवार शोधली. ट्रान्सफॉर्मर उलटा फिरवला, लांब नेला, त्यावर पत्र्याची टोपी घातली. वायरी एकमेकींत पिळल्या. कंडेन्सर बदलले. डब्यावर हात ठेवला की घूं कमी व्हायची, हात काढला की वाढायची, तू म्हणालास, "बाळ झोपवायला बसलोय आपण." तुम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी हसलो नाही. तूच हसलास.

दुसऱ्या कुणाला त्या आवाजाचं काही वाटलं नसतं. गाणं जोरात लावलं की घूं खाली दबायची. पण तुला गाण्याची घाई नसायचीच. सुई टेकल्यावर, गवई तोंड उघडायच्या आधी, तानपुरा दोन-चार वेळा नुसता छेडला जातो ना, तेवढंच तुला ऐकायचं असायचं. डोळे मिटून. ते नीट ऐकू आलं तर पुढचं गाणं नाही ऐकलं तरी चालेल म्हणायचास. आणि नेमका तोच तानपुरा घूं गिळून टाकायची. "यातला तानपुरा कुठला आणि तुझी लाइट कुठली, वेगळं करून दाखव मला," असं म्हणायचास.

मग एका रविवारी तू कागदावर तीन चौकोन काढलेस. म्हणालास, घूं ना ट्रान्सफॉर्मरची आहे ना कंडेन्सरची. घूं दिगूची आहे. "तू प्रत्येक पेटी दोन-दोन वाटांनी जमिनीला बांधलीस, वर आवाजाच्या वायरींनी त्या एकमेकींनाही बांधलेल्या आहेत. दोन वाटा झाल्या की करंटला गोल फिरायला रस्ता मिळतो. गोल फिरला की तो गातो. सगळ्या अर्थ डब्यात एका बोल्टवर आण, आणि त्या बोल्टवरून एकच जाड वायर भिंतीत जाऊ दे. बास."

"आणि ती एक तुटली तर?"

"कशाला तुटेल?"

"तिथंही कशाला तुटेल असंच म्हणत होते सगळे!"

मी ओरडलोच. भाभी आतून बघायला आल्या. तू शांतपणे म्हणालास, "ही फॅक्टरी नाही, दिगू. हा कानाचा मामला आहे." आणि मी म्हणालो, "तू रेडिओवाला आहेस, रेडिओपुरतं बोल. माणसं मरतात ते आम्ही बघतो." मला माहीत होतं हे लागेल तुला. लागावं म्हणूनच बोललो. तू कागदाची घडी घातलीस, खिशात ठेवलीस, आणि त्या दिवशी चहा न घेता मी निघालो.

तरी ईदेला तू लोकांना बोलावलंस. बाजारात सांगून बसलास की आमचा दिगंबर मशीन तयार करतोय, दुपारी ऐकायला या. माझा जीव टांगणीला. सकाळी आठ वाजता आलो तर घूं जशीच्या तशी. तू दूध आणायला बाहेर गेलास. भाभी आत शेवया भाजत होत्या. बाहेरच्या खोलीत मी आणि ती घूं.

रशीद, मी फक्त बघणार होतो. तुझं खरं आहे की नाही, एवढंच. डब्याला आणि डेकला भिंतीतल्या अर्थकडे नेणाऱ्या हिरव्या वायरींच्या दोन्ही जोड्या मी पकडीने कापल्या. चट, चट. आणि घूं गेली. पार गेली. शेवया भाजल्याचा आवाज ऐकू यायला लागला. तू बरोबर होतास हे त्या क्षणी मला कळलं. तू म्हणालास तसा एक बोल्ट ठोकून सगळं नीट बांधायला तासभर लागला असता. तो तासही माझ्याकडे होता. पण तेवढ्यात तू दुधाचं भांडं घेऊन दारात उभा.

तू दारातच थबकलास. भांडं खाली ठेवलंस. कान देऊन ऐकलंस. मग माझ्याकडे आलास आणि असा काही मिठीत घेतलंस की माझी पकड खाली पडली. "उस्ताद! काय केलंस?"

मी म्हणालो, "एका ठिकाणी सोल्डर कच्चं होतं."

एवढं एक वाक्य. पाहुणे आले, तू रेकॉर्ड लावलीस, तानपुरा घुमला, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "मी उगाच याच्याशी भांडत होतो. डबल अर्थिंगच बरोबर होतं. मी हरलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याने माणूस चिकटून मेलेला बघितला होता, जो जगाला अर्थिंग शिकवत फिरत होता, त्याने आपल्या दोस्ताच्या घरातलं अर्थिंग कापून टाकलं होतं आणि वर मानाची शाल पांघरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी येऊन जोडणार होतो. खरंच. मग तिसऱ्या दिवशी. पण जोडलं की घूं परत येणार, नाहीतर तुझा बोल्ट ठोकावा लागणार, आणि दोन्हीत मी उघडा पडणार. मी मनाची समजूत घातली की डब्यापासून अँप्लिफायरला जाणारी शिल्डेड वायर आहे ना, तिच्या जाळीतून थोडी अर्थ मिळतेच आहे. थोडी! केसासारख्या तारा त्या. खरा शॉर्ट झाला तर आधी त्या जळणार, आणि मग डबा आणि डेक दोन्ही जिवंत. हे मी कंपनीत नव्या लोकांना शिकवतो, रशीद. याच शब्दांत शिकवतो.

मग मी यायचंच बंद केलं. ओव्हरटाइम आहे. सुमनला बरं नाही. सासरे आलेत. तुझ्या दुकानावरून जाताना लांबून हात करायचो आणि सायकलचा वेग वाढवायचो. पावसाळ्यात पहाटे जाग यायची आणि डोळ्यांसमोर भाभी यायच्या, ओल्या फडक्याने डेक पुसताना. एकदा तू मला फाटकापाशी गाठलंस. केस पिकले होते तुझे. म्हणालास, "दिगू, एकदा ये घरी. डबा उघडायचाय. तुझ्या हाताने उघडायचाय."

"काय झालं? आवाज येतोय?"

"आवाज नाही. तू ये तरी."

"येतो रविवारी," मी म्हणालो. किती रविवार गेले त्यानंतर? तू पुन्हा विचारलं नाहीस. मला वाटलं, रागावलास. बरंच झालं असंही वाटलं.

तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन तुझ्या घरी गेलो. सुमनला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आधी जा आणि ते जोडून या. मग माझ्याशी बोला." भाभी इद्दतमध्ये, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, त्यामुळे आतल्या खोलीच्या पडद्याआड. बाहेर सत्तारभाई. डेक तिथंच, खिडकीखाली, त्यावर भाभींनी विणलेला रुमाल. मी म्हणालो, मशीन एकदा तपासतो. सत्तारभाई रुमाल काढायला पुढे झाले, आणि पडद्याआडून भाभी ओरडल्या, "भाईजान, पाटावर उभे राहा! एक हात पाठीमागे घ्या!"

डेकसमोर जमिनीवर एक लाकडी पाट होता. मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. साठीचे सत्तारभाई निमूटपणे त्यावर चढले, डावा हात कमरेमागे घेतला आणि उजव्या हाताने रुमाल उचलला. मला म्हणाले, "त्याचा दंडकच होता. उस्तादचं मशीन हाय, अदबीनं उभं राहायचं म्हनायचा. घरात कुनी पन असू दे."

पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "ओलं फडकं लावू द्यायचे नाहीत, भाऊ. कोरडंच. आणि पाटावर उभं राहून. ईदेच्या दुसऱ्याच दिवशी पाट आणून ठेवला. मी हसायचे, एवढा मान तर पीरालाही देत नाही तुम्ही. पण एवढ्या एका गोष्टीवरून रागवायचे माझ्यावर."

मी खालीच बसलो.

तुला माहीत होतं. ईदेच्या दुसऱ्या दिवसापासून तुला माहीत होतं.

मशीन चालू केलं, पाटावर उभा राहिलो, डेकच्या बॉडीला टेस्टर लावला. मंद लाल उजेड आला. फार नाही, निखारा विझत आल्यावर असतो तेवढा. पण असायला नको होता. बंद करून डब्याचं झाकण काढलं. आत मधोमध एक पितळी बोल्ट, वायसर, नट. मी कापलेल्या दोन्ही जोड्यांची टोकं सोलून, घासून, प्रत्येक जोडीवर एक तांब्याचं थिंबल, बोल्टात अडकवायची कडी, चढवून ठेवलेलं. अँप्लिफायरसाठी तिसरी, भिंतीकडे जायला चौथी, जाड. चारही तुझ्या हातची, दोऱ्याने आवळून बांधलेली. बोल्टला एकही लावलेली नाही. थिंबलं अडकवून नट फिरवायचा, एवढंच बाकी. जुनं सुद्धा नाही ते काम. दोनेक वर्षांतलं असेल. मला फाटकापाशी गाठलंस, तेव्हाचं.

आणि मग माझं डोकं फिरलं. तुझ्या घरात, तुला जाऊन चार दिवस झालेले असताना, मी तुला मोठ्याने शिवी दिली. अरे, नट फिरवायला किती वेळ लागतो? मी भेकड, मान्य. मी खोटारडा, मान्य. पण तू? त्या आधी चार वर्षं नुसता पाट! मग सगळं तयार करून झाकण लावून बसलास, का तर तोडलं त्यानेच जोडावं म्हणून? की तूच जोडलं असतंस तर माझी चोरी तुला कळली हे उघड झालं असतं म्हणून? माझी लाज राखत होतास की माझी परीक्षा बघत होतास? आणि तोवर भाभी? रोज त्या डेकला हात लावत होत्या त्या! एक पाट आणि एक हात पाठीमागे, एवढ्यावर ठेवलंस तू त्यांना? हे भांडण आता मी कुणाशी भांडू? माझ्यावर तुझे उपकार इतके आहेत की ते आठवले की मान वर होत नाही, आणि हे एक आठवलं की वाटतं तुझी गचांडी धरावी. दोन्ही एकाच वेळी वाटतं. कालपासून हेच चाललंय.

मी चारही थिंबलं बोल्टवर चढवली. माझ्या बाकीच्या जुन्या दुहेरी वायरी सगळ्या काढून टाकल्या. नट आवळला. चहाचा एक कप प्यायला लागेल एवढाही वेळ लागला नाही. चालू करून टेस्टर लावला, उजेड नाही. अँप्लिफायर पूर्ण वाढवला, घूं नाही. अर्थ पक्की आणि घूं नाही. तुझी ती रेकॉर्ड वरच होती. सुई टेकवली. तानपुरा छेडला गेला. एकेक तार वेगळी ऐकू आली, रशीद. तू बरोबर होतास. हे मी तुला तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथं म्हणतो. तू बरोबर होतास.

आणि तो तानपुरा चालू असतानाच मी पडद्याकडे तोंड करून भाभींना सगळं सांगितलं. पकड, कापलेल्या वायरी, कच्चं सोल्डर, मिठी, सगळं. सत्तारभाई सवयीने पुन्हा पाटावर उभे होते, हात पाठीमागे. त्यांना आता कळलं मी गेटवर शॉकचं का विचारलं होतं ते.

पडद्याआडून भाभींनी विचारलं, "मग सहा वर्षं मी खड्ड्यात पाणी कशाला घालत होते, भाऊ?"

"बाकी घराला अर्थ होतीच, भाभी," मी म्हणालो. "फक्त याला नव्हती."

"ज्याच्यासाठी घालत होते, त्यालाच नव्हती."

"हो."

"आणि त्यांना माहीत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुझी बाजू राखता आली असती, जशी तू माझी राखलीस. पण आपण दोघांनी त्या बाईला पुरेसं फसवलं होतं. "माहीत होतं," मी म्हणालो.

गवयाने पहिला स्वर लावला तेवढ्यात भाभी म्हणाल्या, "गाणं बंद करा, भाऊ."

मी सुई उचलली. अँप्लिफायर तसाच चालू होता आणि घूं अजिबात नव्हती. पडद्याआड भाभी तोंडात पदर कोंबून रडत होत्या, आणि ते स्वच्छ ऐकू येत होतं.